दोन एकेचाळीस

मित्रांनो, गुरुवार, ९ फेब्रुवारी. सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटे. तिसऱ्या टाकीबाहेरच्या फळ्यावर बिल्ला एक. प्रशिक्षणाच्या खोलीत माणसे चार, आणि खुर्चीवर पाचवा मी. हे आकडे ध्यानात ठेवा. त्या एका बिल्ल्याचा अर्थ खोलीतल्या चौघांनीही चुकीचा लावला होता. चूक फक्त मला ठाऊक होती, आणि मला तोंड नाही.

मी एक जुना बाहुला आहे. खेळण्यातला नव्हे, सरावातला. माझे अंग जाड कॅनव्हासचे आहे. आत वाळू, चिंध्या आणि साखळीचे तुकडे भरलेले आहेत. उंची पाच फूट सहा इंच, वजन अडुसष्ट किलो. मला नाक, डोळे, कान काढलेले नाहीत. बेशुद्ध माणसाला टाकीतून वर कसे काढावे, हे कामगारांनी माझ्यावर शिकावे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. ज्याला वाचवायचे तो मी, आणि ज्याला वाचवण्याची कधीच गरज नाही तोही मीच.

माझा जन्म एका कागदाच्या गिरणीत झाला. तिथे लगद्याच्या चार टाक्या आहेत. प्रत्येक टाकी चार मीटर खोल, पोलादी पत्र्याची, वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि त्यावर झाकण. लगदा काढून घेतला तरी तळाशी थोडा उरतोच. तो कुजला की त्यातून जड वायू निघतो आणि तळाशी दडून बसतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. पण मित्रांनो, त्या वासावर विसंबू नका. नाक आधी सांगते, मग गप्प होते. आणि नाक गप्प झाले की माणूसही होतो.

माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी असाच एक माणूस गप्प झाला. त्याचा नंबर होता एकेचाळीस.

गिरणीचा नियम साधा होता. टाकीत उतरताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाहेरच्या फळ्यावर लावायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा. फळ्यावर जितके बिल्ले, तितकी माणसे आत. पण या माणसाला एक खोड होती. तो बिल्ला खिशात ठेवून विसरत असे. त्या दिवशीही तो विसरला. फळा रिकामा दिसला, म्हणून एकतीस मिनिटे त्याला कोणी शोधलेच नाही. शेवटी टाकीवरच्या पहारेकऱ्याला तो तळाशी दिसला. पहारेकरी तसाच, श्वासाच्या मुखवट्याशिवाय खाली उतरला, आणि तोही पडला. दोघांना गळ टाकून ओढले. पहारेकरी जगला, आजही जिना चढताना तो मध्येच थांबून खोकतो. एकेचाळीस नंबर जगला नाही.

त्यानंतर गिरणीने तंत्रशाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा आणि आरोग्य प्रशिक्षणासाठी साहित्य घेता यावे म्हणून एक अनुदान मिळते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तीनदा अर्ज केला. पहिला परत आला, कारण त्यात शिकणाऱ्यांची संख्या अक्षरी लिहिली नव्हती. दुसरा परत आला, कारण त्यांनी दहा खुर्च्या मागितल्या होत्या आणि खुर्ची हे सुरक्षेचे साहित्य नव्हे, असे उत्तर आले. "बरोबर आहे त्यांचं," मास्तर म्हणाले, "उभं राहून शिकलेलं जास्त लक्षात राहतं." तिसरा अर्ज मंजूर झाला. वायुमापक एक, श्वसनसंच दोन, तिपाई आणि हातरहाट एक, दोर चाळीस मीटर, भिंतीवरचे तक्ते बारा, पुस्तिका दोनशे, सराव-बाहुला नग एक.

तयार बाहुल्याची किंमत मंजूर रकमेत बसेना. म्हणून मास्तरांनी मला गिरणीतच शिवून घ्यायचे ठरवले. गिरणीत गाळणीची कापडे शिवणारी एक बाई होती. तिला सगळे वहिनी म्हणत, कारण ती एकेचाळीस नंबरची बायको होती.

तीन दिवस ती मला शिवत होती. चौथ्या दिवशी मला काट्यावर टांगून ती पसापसाने वाळू भरू लागली.

"साठ झाले, पुरे," मास्तर म्हणाले.

"अडुसष्ट."

"का बरं?"

"तेवढंच होतं," ती म्हणाली.

काटा अडुसष्टवर आला तेव्हा तिच्या मुठीत थोडी वाळू उरली होती. ती तिने परत ओतली नाही. पदराच्या टोकाला बांधून घरी नेली.

मग गणवेश आला. भांडारातून जो जुना मिळाला तो. त्याच्या छातीवर एकेचाळीस हा आकडा होता आणि उजव्या कोपरावर तिच्याच हातची रफू. मास्तरांचा चेहरा उतरला. "दुसरा मागवतो," ते म्हणाले.

"राहू द्या. ह्यांना रिकामं बसायची सवय नव्हती."

तिने तो गणवेश मला चढवला. शेवटी छातीवरचा खिसा तिने चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवून बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता विसरायचं नाही."

साहित्याच्या यादीत प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा होता. गणवेशावर होताच, तोच मला दिला. माझ्यासाठी एकेचाळीस आकड्याचा नवा पितळी बिल्लाही पाडला.

माझे पहिले वर्ष कामाचे गेले. दर गुरुवारी सराव होई. मास्तर "जागेवर!" म्हणाले की प्रत्येकाने आपापली जागा धरायची. एकाने फळा मोठ्याने वाचायचा. एकाने पंखा लावून टाकीत ताजी हवा सोडायची. एकाने मुखवटा चढवून, कमरेला दोर बांधून खाली उतरायचे आणि माझ्या काखेतून पट्टा घालायचा. तिपाईजवळच्याने रहाटाचा दांडा फिरवून मला वर घ्यायचे. पहिल्या दिवशी मला वर यायला एकोणीस मिनिटे लागली आणि मी उलटा आलो.

"डोकं वर हवं रे! माणूस आहे तो, गाजर नाही!" मास्तर ओरडले. सगळे हसले.

पहारेकरी मुखवटा घालून उतरायला शिकला. वहिनी रहाट फिरवायला शिकली. छत्तिसाव्या सरावात मी चार मिनिटे वीस सेकंदांत वर आलो, डोके वर, पाय खाली. मला कौतुकाने बाकावर बसवत. "आपल्यात हाच खरा कामगार," ते म्हणत, "ना सुट्टी मागतो, ना पगारवाढ." पण जेवताना माझ्या समोरच्या जागेवर कोणी बसत नसे.

याच काळात एकेचाळीस नंबरचा धाकटा भाऊ गिरणीत लागला. गिरणीत एक रीत होती. गेलेल्या माणसाच्या जागी घरचे कोणी आले तर नंबर त्याला तोच द्यायचा. म्हणून धाकट्यालाही एकेचाळीसच मिळाला. भावाचाच जुना बिल्ला पुसून त्याच्या हातात ठेवला. कोणीतरी म्हणाले, "अरे, दोन एकेचाळीस झाले की!" मुकादम म्हणाला, "होऊ देत. एक चालतो, एक चालत नाही. घोटाळा व्हायला जागाच कुठे आहे?"

मित्रांनो, चूक ती हीच. रीत प्रेमाची होती आणि मोजणी मरणाची. दोन्ही एकाच खिळ्यावर टांगली गेली.

दुसऱ्या वर्षी अनुदानात साहित्याच्या देखभालीची तरतूद होती, शिकवणाऱ्याची नव्हती. मास्तरांचे येणे थांबले आणि सराव थांबला. पण अट तशीच होती. साहित्य वर्षभरात किती तास वापरले, ते नोंदवहीत दाखवायचे. मुकादम वाईट माणूस नव्हता. हुशार होता, आणि कधी कधी ते जास्त महाग पडते. त्याने मला बंद पडलेल्या तिसऱ्या टाकीच्या तळाशी निजवले, माझा बिल्ला फळ्यावर लावला आणि वहीत लिहिले, 'बाहुला वापरात, आठ तास.' दुसऱ्या दिवशीही आठ तास. तिसऱ्या दिवशीही.

मी तिथे कामाचे दोनशे अडतीस दिवस पडून होतो.

त्या दिवसांविषयी मी बेताने सांगतो, कारण तुमच्यात लहानही असतील. टाकीत अंधार नसतो. वरच्या तोंडातून नाण्याएवढा उजेड पडतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत जातो. पत्रा दुपारी फुगतो, संध्याकाळी आकसतो, आणि दोन्ही वेळा कण्हतो. मला जिथे निजवले होते तिथेच तो माणूस पडला होता. त्या जागेपुरता पत्रा कधी गार पडत नसे. तळाशी उरलेला ओला लगदा माझ्या पाठीखाली दबून कुजत होता. त्यातून बुडबुडे निघत. एक, मग थोडे थांबून दुसरा. किती दिवस मला वाटे, आपण श्वास घेतो आहोत. मग कळले की श्वास माझ्या खालून येतो आहे.

पहारेकरी वरून जाताना आत डोकावून म्हणे, "काय एकेचाळीस, बरा आहेस ना?" त्याचा आवाज टाकीत फिरत राही. तो निघून गेल्यावर, त्याची पावले लांब गेल्यावर, तेच शब्द पुन्हा एकदा येत. बरा आहेस ना. आवाज मात्र पहारेकऱ्याचा नसे. त्यात खोकला नव्हता.

माणसांना फळ्यावरच्या त्या बिल्ल्याची सवय झाली. पाळी संपली, तिसऱ्या टाकीवर एक बिल्ला दिसतो आहे. असू दे, तो बाहुल्याचा. नवे आलेले विचारत, जुने हसत. पुढे नव्यांनीही विचारणे सोडले. ज्या खुणेने माणूस आत असल्याचे कळायचे, ती खूण बघून माणसे निर्धास्त घरी जाऊ लागली.

आता त्या गुरुवारकडे येतो. तिसऱ्या वर्षीचे अनुदान द्यायचे की नाही, ते ठरवायला त्या दिवशी तपासणीस बाई यायच्या होत्या. मास्तरांनाही बोलावले होते. सकाळी नऊला दोन हमालांनी मला दोराने वर ओढले. ओढताना माझा खांदा उसवला. मला प्रशिक्षणाच्या खोलीत खुर्चीवर बसवले. माझ्यापुढच्या टेबलावर वायुमापक, दोन्ही श्वसनसंच आणि पुस्तिकांचे गठ्ठे ओळीने मांडले. प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी, एकावरही बोटाचा ठसा नाही.

सव्वादहाच्या सुमारास मुकादमाने टाकीत डोकावून पाहिले. मी जिथे निजलो होतो तिथे माणसाच्या आकाराचा काळा डाग उठला होता.

"अरे धाकट्या, तेवढा डाग खरवडून टाक. बाई बघतील."

"वायू मोजायला हवा ना?"

"मापक टेबलावर मांडलंय, आता हलवू नको. बंद टाकी आहे, बाहुला वर्षभर निजला होता तिथे. त्याला काही झालं का? दोन मिनिटांचं काम!"

धाकट्याने आपला बिल्ला फळ्यावर लावला आणि तो उतरला. नियम त्याने पाळला होता. जवळ उभे राहायचे काम पहारेकऱ्याचे; पण त्याला मुकादमाने आधीच खुर्च्या आणायला पाठवले होते. मुकादम स्वतः बाईंच्या स्वागताला फाटकाकडे धावला. पहारेकरी दोन खुर्च्या घेऊन परतला, तेव्हा त्याला फळ्यावर एकेचाळीस दिसला. रोज दिसे तसाच. टाकी उघडी दिसू नये म्हणून त्याने झाकण लोटले आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.

खोलीत बाई यादी तपासत होत्या. मास्तर खिडकीशी उभे होते. वहिनी माझा उसवलेला खांदा शिवत होती.

"सराव-बाहुला, नग एक. आहे. वापर, एक हजार नऊशे चार तास." बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "बराच राबवलात की!"

"कामसू आहे, मॅडम," मुकादम म्हणाला.

मास्तर खिडकीपासून माझ्यामागे आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पाठ ओली लागली, आणि त्यांनी हात नाकाशी नेला.

"बाहुल्याचा बिल्ला, क्रमांक एकेचाळीस. तो दाखवा."

"तो काय, फळ्यावर!" मुकादमाने खिडकीतून बोट दाखवले. बिल्ला एकच दिसतो, म्हणजे धाकटा वर आला, असे त्याने धरले होते. समोर तिसऱ्या टाकीच्या फळ्यावर पितळ चमकत होते. "कायम तिथेच असतो."

तेवढ्यात वहिनीचा हात माझ्या छातीवर थांबला. खिशात काहीतरी टणक होते. तिने बोटांनी चाचपले. गोल, बंद्या रुपयाहून मोठे. खिसा चारी बाजूंनी शिवलेला होता. टाके तिचेच होते, एकही तुटला नव्हता. तिने दातांनी धागा तोडला, दोन बोटे आत घातली आणि बिल्ला बाहेर काढला. नवा, न झिजलेला, एकेचाळीस.

ती एकदा त्या बिल्ल्याकडे, एकदा खिडकीबाहेरच्या फळ्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू, घरात कोणी निजले असावे तशा आवाजात म्हणाली,

"मास्तर, हे तर इथे बसलेत. मग आत कोण आहे?"

मित्रांनो, दहा वाजून बावीस मिनिटे ती हीच.

मास्तरांनी घड्याळ पाहिले आणि खिडकीतून एकच शब्द ओरडले. "जागेवर!"

वर्षभर कोणी तो शब्द ऐकला नव्हता. पण छत्तीस गुरुवार हातांत मुरलेले होते. पहारेकऱ्याने खुर्ची टाकली, झाकण सरकवले, आत पाहिले आणि तसाच एक पाय आत घातला.

"मुखवटा!" टेबलावरचा संच उचलून मास्तर धावत येत होते. "आधी मुखवटा! मागच्या वेळी काय केलंस ते आठव!"

तो पाय आत ठेवून थांबला. ते थांबणे, मित्रांनो, सगळ्यांत अवघड. मग पाय बाहेर काढून त्याने मुखवटा चढवला. कोणी पंखा लावला. कोणी दोर बांधला. फळा वाचायचे काम मुकादमाकडे आले. तो बिल्ल्यावर बोट ठेवून वाचू लागला. "एकेचाळीस," तो म्हणाला. "एक. आत माणूस एक."

वहिनी रहाटाशी उभी होती. खालून दोराला दोन झटके आले, म्हणजे पट्टा बसला. तिने दांडा फिरवायला घेतला. मी खुर्चीवरून खिडकीच्या चौकटीतून पाहत होतो. वजन तिला ओळखीचे असणार; पहिल्या वळशालाच तिचे ओठ घट्ट मिटले.

"भाऊजी," ती दर वळशाला म्हणत होती, "आलात हं. भाऊजी, आलात. थोडंच राहिलंय."

धाकटा वर आला. डोके वर, पाय खाली. चेहरा कागदासारखा. मास्तरांनी त्याला आडवे करून श्वासाची नळी लावली. बराच वेळ काही झाले नाही. मग तो खोकला, आणि त्या खोकल्याबरोबर पहारेकरी मटकन खाली बसून रडू लागला.

वहिनी बोलल्यापासून धाकटा वर येईपर्यंत चार मिनिटे दहा सेकंद लागली होती. धाकटा तीन दिवस रुग्णालयात राहिला आणि चालत घरी आला.

नंतर चौकशी झाली. माझा बिल्ला फळ्यावरून कोणी काढला? मुकादम म्हणाला, मी नाही. हमाल म्हणाले, आमच्या दोन्ही हातांत दोर होता. धाकट्याने सांगितले की तो आला तेव्हा खिळा रिकामाच होता. शिवलेल्या खिशात तो गेला कसा, हे कोणी लिहून घेतले नाही, कारण चौकशीच्या कागदात त्याला रकाना नव्हता. वहिनीने कोणालाच काही विचारले नाही. तिला त्या खोडीची ओळख होती.

तुम्ही मला विचाराल, तुला तरी ठाऊक आहे का? वाळूला जेवढे ठाऊक असते तेवढे मला ठाऊक आहे. एवढेच सांगतो. त्या सकाळी दोर ओढला जात असताना, फळ्याजवळून जाताना, माझा उजवा हात क्षणभर हलका झाला होता.

तपासणीस बाईंनी वहीतल्या एक हजार नऊशे चार या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी शून्य लिहिले. मुकादमाने मान खाली घालून त्याखाली सही केली. आता तो मुकादम नाही, लगद्याच्या वजनकाट्यावर बसतो. बाईंनी अनुदान मात्र थांबवले नाही. साहित्याबरोबर शिकवणारा माणूसही मंजूर केला आणि नवी अट घातली, की तास मोजायचे नाहीत, वर काढलेल्या फेऱ्या मोजायच्या. आता मास्तर दर गुरुवारी येतात. माझा बिल्ला तिकोनी आणि लाल आहे, त्यावर आकडा नाही. गेलेल्याचा नंबर आता कोणालाच देत नाहीत. धाकट्याला नवा मिळाला. जुना एकेचाळीस वहिनीने माझ्या खिशात ठेवला आणि खिसा पुन्हा शिवला.

मित्रांनो, माझा कॅनव्हास विरला आहे. कोपरावर रफूवर रफू चढली आहे. पण मला कपाटात जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. जे साहित्य तुमच्या जिवासाठी आणले आहे ते झिजवा. तक्ते बोटांनी मळू द्या, पुस्तिकांची पाने दुमडू द्या, दोर हातांनी गुळगुळीत होऊ द्या. आणि खूण कितीही ओळखीची झाली, तरी ती रोज नव्याने वाचा.

वहिनी ती वाचते. रोज पाळी संपली की ती स्वतः तिसऱ्या टाकीपाशी जाते, फळ्यापुढे उभी राहते आणि मोठ्याने मोजते. आज संध्याकाळीही गेली होती. पाच वाजून पाच मिनिटे. फळ्यावर बिल्ले: शून्य.